धांवत्या घोड्याचे पाय : दोष कीं साक्ष?

सचित्र पोथ्यांच्या परीक्षणांत एक अभिप्राय वारंवार वाचावयास मिळतो. रंग उत्तम, रेषा सतेज, परंतु घोड्याचे पाय मात्र चुकले आहेत! असें लिहिणारा परीक्षक बहुधा छायाचित्राचें प्रमाण मनांत धरून बोलत असतो. तें प्रमाण खोटें नाहीं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष अपुरा आहे, आणि त्यापायीं संग्राहकांच्या हातून एक मोलाचा पुरावा निसटत आहे, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. तें सकारण मांडण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम त्या प्रमाणाचाच विचार करूं. इ. स. १८७८ च्या जून महिन्यांत कॅलिफोर्नियांतील पालो आल्टो येथें एडवर्ड मायब्रिज यानें लीलंड स्टॅनफर्ड यांच्या आश्रयानें बारा कॅमेरे ओळीनें मांडून धांवत्या घोड्यांचीं छायाचित्रें घेतलीं. घोडा चौखूर धांवतो तेव्हां त्याचे चारी पाय एका क्षणीं जमिनीपासून सुटतात, हें त्यांवरून सिद्ध झालें. पण तो क्षण चित्रकार समजत होते तो नव्हता. पाय पुढें-मागें ताणलेले असतां एखादा तरी खूर भूमीला टेकलेला असतो. चारी खूर अधांतरीं असतात ते पाय पोटाखालीं गोळा झाल्यावर. झेरिको या फ्रेंच चित्रकाराचें इ. स. १८२१ मधील एप्सम येथील शर्यतीचें चित्र प्रसिद्धच आहे. त्यांतील घोडे चारी पाय पसरून, जणूं तरंगत चालले आहेत. अशी स्थिति घोड्याच्या धांवण्यांत येत नाहीं. शिकारी कुत्रा किंवा चित्ता यांच्या धांवेंत मात्र ती येते. पुढें इ. स. १८८७ मध्यें मायब्रिजचा प्राण्यांच्या गतीवरील ७८१ पटांचा संग्रह निघाला, आणि चित्रकारांना हें ज्ञान सुलभ झालें.

आपल्या 'चौखूर' या शब्दांत चार खुरांचा उल्लेख आहे. ते पसरलेले कीं आंखडलेले, याविषयीं तो शब्द मौन धरितो. अमरकोशांत अश्वाच्या पांच गति 'धारा' या संज्ञेखालीं आल्या आहेत. प्लुत, वल्गित, धौरितक इत्यादि तीं नांवें आपल्या परिचयाचीं आहेत. पण कोणता खूर कोणत्या खुरामागून पडतो, हें नांवावरून कळत नाहीं. याच्या उलट शाकुंतलाच्या पहिल्या अंकांतील मृग पाहा. कालिदासानें त्याचें मागचें अंग पुढच्या अंगांत शिरल्यासारखें वर्णिलें आहे, आणि तो भूमीवर थोडा व आकाशांत अधिक चालतो असेंही म्हटलें आहे. अंग गोळा होण्याचें कारण कवि बाणाची भीति हें देतो. तें कारण काव्याचें असेल; पण आकुंचन आणि अधांतर यांची सांगड मात्र डोळ्यांनीं पाहिलेली आहे. जें अनेक चित्रकारांना साधलें नाहीं तें एका कवीला साधलें. सबब यंत्रावांचून हें दिसणें अशक्यच होतें, असें म्हणतां येत नाहीं. मग चित्रकारांना तें कां दिसलें नाहीं?

या प्रश्नाचें उत्तर एका अलीकडील निबंधांत दडलेलें आहे. हंगेरींतील गाबोर होर्वाथ व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २०१२ मध्यें 'प्लॉस वन' या नियतकालिकांत चतुष्पादांच्या चालीच्या एक हजार चित्रांचें व शिल्पांचें परीक्षण प्रसिद्ध केलें. येथें विषय धांवण्याचा नसून साध्या पदगतीचा आहे. त्यांच्या गणनेप्रमाणें प्रागैतिहासिक चित्रांत शेंकडा ४६.२ चुकलेलीं, मायब्रिजपूर्व अर्वाचीन चित्रांत शेंकडा ८३.५, आणि १८८७ नंतरच्या चित्रांत शेंकडा ५७.९. पाय कसेही मांडले तर केवळ यदृच्छेनें शेंकडा ७३.३ चुका व्हाव्या, असेंही त्यांनीं गणित केलें आहे. गुहेंतील मनुष्य अर्वाचीन कलावंताहून श्रेष्ठ ठरला, याचीच वाचकांस मौज वाटली. आमच्या मतें खरें महत्त्व दुसऱ्याच आंकड्याला आहे.

शेंकडा ८३.५ हें प्रमाण यदृच्छेहूनही अधिक आहे. ज्याला कांहींच ठाऊक नाहीं, तो चारांत एकदां तरी दैवानें बरोबर ठरेल. त्याहून अधिक चुकावयाचें, तर चूक शिकावी लागते! म्हणजे हे चित्रकार प्राण्याकडे पाहून चुकले नाहींत. ते पूर्वीच्या चित्रांकडे पाहून चुकले. १८८७ नंतर साधन हातीं असूनही निम्म्याहून अधिक चित्रें चुकलीं, याचें कारणही तेंच. याच संशोधकमंडळाच्या इ. स. २००९ मधील परीक्षणांत तर प्राणिशरीररचनेच्या पाठ्यपुस्तकांतील शेंकडा ६३.६ चित्रें सदोष आढळलीं. ज्या पुस्तकांवरून शिकावयाचें त्यांतच पाठ अशुद्ध!

आतां 'पाठ अशुद्ध' हा शब्द पोथ्यांच्या संग्राहकांस नवा नाहीं. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या मनुष्यास तर तो फारच परिचयाचा आहे. दोन मुलांचें उत्तर बरोबर आलें तर त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. दोघांची एकच विलक्षण चूक आली, म्हणजे कोण कोणाशेजारीं बसला होता तें कळतें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें इ. स. १९१९ मध्यें आरंभून १९६६ मध्यें पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत पोथ्यांचे वंश लावतांना समान प्रक्षेप व समान अपपाठ यांचीच साक्ष घ्यावी लागली. लेखकाच्या प्रमादास जो न्याय, तोच चित्रकाराच्या प्रमादास कां लावूं नये? चित्रशाळांतून खाके जपले जात. बाह्यरेषेवर टोंचे मारून, त्यांतून कोळशाची पूड झिरपवून तीच आकृति दुसऱ्या कागदावर उतरवीत. एकदां चुकलेला पाय या मार्गानें कित्येक पिढ्या चालत राही. अशा पायाच्या मागावर गेल्यास एका चित्रशाळेंतून दुसरीकडे गेलेली वाट सांपडण्याचा संभव आहे.

तथापि या न्यायाच्या दोन मर्यादा सांगणें अवश्य आहे. पहिली अशी कीं, सुलभ चूक साक्षीस उपयोगी नाहीं. फ्रेंच पंडित सालोमाँ रेनाक यानें इ. स. १९००-०१ च्या सुमारास चारी पाय पसरलेल्या घोड्याचा माग काढून, ती रीत मायसीनीपासून मध्य आशियामार्गें चीनला व तेथून अठराव्या शतकांत युरोपांत गेली, अशी मालिका जुळविली. कल्पना भव्य आहे. परंतु वेग दाखवावयाचा म्हणजे पाय ताणावयाचे, ही युक्ति कोणासही स्वतंत्रपणें सुचण्यासारखी आहे. 'ध' आणि 'घ' यांचा घोटाळा झाला म्हणून दोन पोथ्या एका वंशाच्या ठरत नाहींत. साक्षीस हवी ती विलक्षण चूक: एकच आडवा पाय, गुडघ्याचा एकच उफराटा बांक.

दुसरी मर्यादा परीक्षकाची. त्याला गति कोणती हें आधीं ओळखतां आलें पाहिजे. साध्या चालींत डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा असा क्रम असतो. दुडकींत समोरासमोरच्या तिरप्या जोड्या एकदम उचलतात. परंतु आपल्याकडे घोड्यांना रवाल शिकवीत, आणि त्या चालींत एका अंगाचे दोन्ही पाय जवळजवळ जोडीनें पडतात. साध्या चालीचें माप लावणारा परीक्षक असें चित्र चुकीच्या खात्यांत टाकील; वस्तुतः तेथें चित्रकार बरोबर व परीक्षकच चुकलेला असेल.

आज पोथीसाठीं वा पुस्तकासाठीं चतुष्पाद काढावयास शिकणाऱ्यानें यांतून काय घ्यावें? सुटें छायाचित्र उतरवूं नये. तोही एक खाकाच होय. क्रम पाठ करावा. साध्या चालींत एका अंगाचे दोन पाय पोटाखालीं जवळ येतात तेव्हां दुसऱ्या अंगाचे फांकलेले असतात, एवढें सूत्र ध्यानांत धरून रस्त्यावरील बैलाकडे वा कुत्र्याकडे पाहत बसावें, आणि मग कागद घ्यावा. व्याकरणांत उदाहरण पाठ असून सूत्र ठाऊक नसणें जसें निरुपयोगी, तसेंच हें आहे.

राहतां राहिली संग्राहकांस विनंति. जीर्णोद्धाराच्या निमित्तानें जुन्या चित्रांतील पाय 'सुधारून' घेण्याचा मोह कोणास झाल्यास त्यानें तो आवरावा. जुनें म्हणून पुढें आलेल्या चित्रांत घोड्याचे पाय छायाचित्राबरहुकूम गोळा झालेले दिसले, तर कागद व रंग अधिक बारकाईनें तपासावे. मात्र तेवढ्यावरून चित्र बनावट ठरवूं नये, कारण नीट पाहणारा डोळा कालिदासाच्या काळींही होता. आणि जेथें पाय चुकलेले आढळतील तेथें केवळ 'सदोष' असा शेरा न मारतां कोणता पाय, कसा व कोठें चुकला, हें सूचींत नोंदवून ठेवावें. पोथीचा अपपाठ आपण टिपेंत जपतों. घोड्याच्या पायानें तेवढाही मान मिळवूं नये, असा त्याचा काय अपराध आहे?