होडी भरली आहे : चित्रपट संपतो तिथून पुढे

मार्कुस इमहोफ यांचा ‘दास बोट इस्ट फोल’, म्हणजे ‘होडी भरली आहे’, हा १९८१ चा स्विस चित्रपट इतिहासाची आवड असणाऱ्यांनी जरूर पाहावा. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ होता. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथले न्यायमंत्री फॉन स्टायगर यांनी देशाला भरगच्च जीवरक्षक होडीची उपमा दिली. त्याच महिन्यात, निव्वळ ज्यू म्हणून छळ होतोय एवढ्या कारणावर आलेल्यांना सीमेवरूनच परत लावायचा हुकूम निघाला.

चित्रपटात काही निर्वासित एका खेड्यातल्या खानावळीत आसरा घेतात. लहान मूल असलेल्या कुटुंबाला राहू देतात, असं कळल्यावर ते खोटंच कुटुंब रचतात. यात ठळक खलनायक कुणी नाही. गावकरी जेवू घालतात, कुरकुरतातही. पोलीस नियमावर बोट ठेवतो. शेवटी निर्वासितांची रवानगी पुन्हा सीमेपलीकडे. साधी माणसं हुकूम कशी अमलात आणतात, हे दाखवणं ही इमहोफ यांची मोठी कमाई. पण भरपाईचा प्रश्न सुरू होतो तो यानंतर.

जोसेफ स्प्रिंग यांचंच बघा. नोव्हेंबर १९४३ मध्ये १६ वर्षांचा हा मुलगा नात्यातल्या दोन भावांसह सीमेवर पकडला गेला. स्विस पहारेकऱ्यांनी तिघांना जर्मनांच्या हवाली केलं. भाऊ आउश्वित्झमध्ये मारले गेले; स्प्रिंग वाचले. पुढे त्यांनी स्विस सरकारकडे १ लाख फ्रँक मागितले. जानेवारी २००० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला, आणि दाव्याच्या खर्चापोटी म्हणून तेवढेच १ लाख फ्रँक देऊ केले!

कुणी म्हणेल, पैसे मिळाले ना, झालं तर मग. मला हे पटत नाही. स्प्रिंग यांना हवी होती ती ‘चूक झाली’ अशी कबुली. ‘खर्च’ म्हणून रक्कम देताना नेमकी तीच टाळली गेली. राष्ट्राध्यक्ष फिलिगर यांनी १९९५ मध्ये माफी मागितली होती खरी, पण न्यायालयाच्या लेखी तेव्हाच्या कायद्यानुसार सारं रीतसरच होतं. चित्रपटातला पोलीस तरी वेगळं काय सांगतो?

स्प्रिंग निदान दावा लावायला जिवंत होते. बेर्जिए आयोगाने सीमेवरचे २० हजारांहून अधिक नकार नोंदवले. पण ते नकार, तितकी माणसं नव्हेत. एकाच माणसाला दोनदाही परत लावलेलं असू शकतं. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात पोलिश निर्वासित राहिले, म्हणून आज त्यांच्या आठवणी आणि खुणा सापडतात. दारातूनच परत गेलेल्यांची नोंद दफ्तरात फार तर एका ओळीची. त्यांच्या वारसांनी भरपाई मागायची तरी कोणत्या कागदावर? चित्रपट पाहताना हा प्रश्न मनात असू द्यावा.