पटाशीच्या खुणा

लाकडावरील नक्षीकाम पुस्तक वाचून शिकता येत नाही, हे कोणताही सुतार सांगेल. डेव्हिड एस्टर्ली या अमेरिकन कारागिराचे ‘द लॉस्ट कार्व्हिंग’ (२०१२) हे इंग्रजी पुस्तकही तसा आव आणीत नाही. हाताला शिकवते कोण, एवढाच प्रश्न ते विचारते. कोरीव लाकडी वेद्यांचा वारसा लाभलेल्या आपल्या वाचकांनी त्याची दखल घ्यावी, ती या प्रश्नासाठी.

एस्टर्ली (१९४४-२०१९) मूळचे साहित्याचे अभ्यासक. लंडनच्या सेंट जेम्स चर्चमध्ये ग्रिनलिंग गिबन्स (१६४८-१७२१) यांनी वेदीमागे कोरलेली फुलेपाने त्यांनी पाहिली आणि पुढचे आयुष्य पटाशीला वाहिले. शिकवणारा कोणी नव्हता. गिबन्स यांची परंपरा केव्हाच खंडित झाली होती. १९८६ साली हॅम्पटन कोर्ट राजवाड्याला आग लागली. तीत गिबन्स यांचे सुमारे सात फुटी कोरीवकाम भस्मसात झाले. ते नव्याने घडविण्याचे काम एस्टर्ली यांच्याकडे आले. त्या दिवसांची ही कथा आहे.

हे लाकूड लाइमचे. लाइम म्हणजे आपले लिंबू नव्हे. पांढरट, मऊ, एकसारख्या पोताचे लाकूड देणारा तो युरोपीय वृक्ष. गोल तोंडाची पटाशी दोन्ही हातांनी धरायची. मागचा हात ढकलतो, पुढचा लाकडावर टेकून तिला आवरतो. पाकळी मागून पोखरून कागदासारखी पातळ करायची. थर वेगवेगळे कोरून एकावर एक बसवायचे. हे सारे एस्टर्ली जुन्या कामाकडे निरखून पाहून शिकले. त्यातील एक शोध मोठा रंजक आहे. जुन्या पृष्ठभागावरील बारीक ओरखड्यांवरून त्यांनी ताडले, की गिबन्स यांच्या कारखान्यात गुळगुळीतपणासाठी हॉर्सटेल ही वनस्पती घासली जात असावी. तिच्या देठात सिलिका असते. तोच त्यांचा पॉलिशपेपर!

पुस्तकात उणिवा आहेत. तत्त्वचिंतनाच्या आडवाटा लांबतात आणि एकाकी साधकाचा सूर काही ठिकाणी अति होतो. गिबन्स यांच्या हाताखाली अनेक कारागीर राबत. त्या निनावी हातांवर मात्र पुरेसा उजेड पडत नाही. एका माणसाने विद्या पुन्हा मिळविली, हे खरे. परंतु ती टिकते शेजारी बसून शिकणाऱ्या दुसऱ्या माणसामुळे, हे लेखकाने अधिक ठासून सांगावयास हवे होते.

तरीही पुस्तकाचे ऋण मोठे आहे. गुरू गेल्यावरही त्याची पटाशी लाकडावर बोलत राहते, हे ते पटवून देते. गोव्यातील जुन्या वेद्या व प्रवचनपीठे घडविणारे बहुतेक हात स्थानिक आणि निनावीच होते. त्यांनी मागे ग्रंथ ठेवले नाहीत, खुणा ठेवल्या. नूतनीकरणाच्या उत्साहात आपण वेदी घासतो, भेगांत लांबी भरतो, वर चकचकीत ऑइलपेंट फासतो. भक्तिभावात खोट नसते. पण त्या घासण्यात केवळ जुनेपण पुसले जात नाही, उद्या शिकू पाहणाऱ्या एखाद्या मुलाचा गुरूच पुसला जातो. पुढील वेळी रंगाचा डबा उघडण्यापूर्वी धर्मग्रामातील जाणत्यांनी वेदीवरून एकदा बोटे फिरवून पाहावीत.