लेकीच्या पत्रांतला गॅलिलिओ

शास्त्रज्ञांची लोकप्रिय चरित्रे बहुधा एकाच साच्यातून बाहेर पडतात : शोध, छळ आणि अखेरीस काळाने दिलेला न्याय. गॅलिलिओच्या बाबतीत तर हा मोह आवरतच नाही. एका बाजूला दुर्बीण, दुसऱ्या बाजूला रोमचे धर्मन्यायासन, आणि पुस्तक उघडण्यापूर्वीच वाचकाने आपली बाजू ठरवलेली! डावा सोबेल या अमेरिकन लेखिकेचे ‘गॅलिलिओज डॉटर’ (१९९९) वाचावेसे वाटते, ते त्यांनी या कथेत मठाच्या स्वयंपाकघराच्या वाटेने प्रवेश केला म्हणून.

गॅलिलिओने विवाह केला नाही. मारिना गाम्बा हिच्यापासून झालेल्या दोन मुलींना चांगले स्थळ मिळणे अशक्य, असे मानून त्याने १६१३ साली त्यांना फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्री येथे संत क्लाराच्या संघाच्या मठात ठेवले. थोरली व्हर्जिनिया तेव्हा १३ वर्षांची होती. व्रत घेताना तिने मारिया चेलेस्ते हे नाव स्वीकारले. ‘चेलेस्ते’ म्हणजे आकाशातील, स्वर्गीय. तिने वडिलांना लिहिलेली १२४ पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत ग्रहताऱ्यांपेक्षा वडिलांच्या कॉलरी, साखरेत मुरवलेली फळे, मठाचे बिघडलेले घड्याळ आणि पैशांची चणचण यांनाच अधिक जागा आहे. वडिलांची उत्तरे मात्र उरली नाहीत. तिच्या मृत्यूनंतर मठाच्या प्रमुख भगिनीने ती भीतीपोटी जाळली वा पुरली असावीत, असे सोबेल मानतात. संवादाची एकच बाजू हाती असताना दुसरी कल्पनेने रचण्याचे त्यांनी टाळले, ही लहान गोष्ट नव्हे.

थोर पुरुषाला घरातून पाहण्याची सवय मराठी वाचकाला ‘स्मृतिचित्रे’ने लावली आहे. पण लक्ष्मीबाई टिळक रेव्हरंडांची खुशाल फिरकी घेतात; मारिया चेलेस्तेला ती मोकळीक नाही. मठाबाहेर पाऊल टाकता न येणारी लेक वडिलांवर रुसणार तरी कशी?

२२ जून १६३३ रोजी निकाल लागला. शिक्षेचा एक भाग म्हणून तीन वर्षे दर आठवड्याला पश्चात्तापाची सात स्तोत्रे म्हणायची होती. ते पठण लेकीने स्वतःच्या शिरावर घेतले. कॅथलिक वाचकाला या पुस्तकातील हे सर्वांत अवघड स्थळ वाटावे. त्या काळच्या ईशज्ञानपंडितांची चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली मान्य केली. पण येथे, त्याच श्रद्धेत वाढलेली एक व्रतस्थ स्त्री वडिलांनाही सोडत नाही आणि प्रार्थनाही सोडत नाही. सोबेल यांनी या प्रसंगाचे भांडवल केलेले नाही. डिसेंबर १६३३ मध्ये गॅलिलिओ आर्चेत्रीला परतला आणि २ एप्रिल १६३४ रोजी ती आमांशाने वारली.

पुस्तकात उणिवा आहेत. शीर्षकात लेक असली तरी बरीच पाने बापाचीच आहेत. तिच्या सोशिकतेवर लेखिका इतकी लुब्ध आहे, की मठाचा निर्णय त्या मुलींचा नव्हताच, या प्रश्नावरून ती हलक्या पावलांनी पुढे जाते. धाकटी लिव्हिया, म्हणजे सिस्टर आर्कांजेला, पत्रांतून दिसते ती बहुधा आजारी आणि खिन्न. त्याच भिंतींआड ती १६५९ पर्यंत जगली. बहिणीच्या मृत्यूनंतरची ही पंचवीस वर्षे तिने कशी काढली असतील? तिचा स्वतःचा आवाज या ग्रंथात कोठेच ऐकू येत नाही.