‘गोठवणे’ की ‘राखणे’? : एका पारिभाषिक प्रयोगाची चिकित्सा

१९९७ च्या जगत्सुंदरी डायना हेडन यांनी सुमारे आठ वर्षे जतन केलेल्या स्त्रीबीजापासून जानेवारी २०१६ मध्ये कन्येला जन्म दिला. अपत्यप्राप्ती स्वेच्छेने पुढे नेण्याच्या या उपायास मराठीत सामान्यतः ‘अंडी गोठवणे’ म्हणतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा प्रयोग दोन्ही पदांत सदोष आहे.

‘अंडी’ हे पद मनुष्यदेहाच्या संदर्भात ऐकणाऱ्यास संकोचात टाकते. उलट ‘स्त्रीबीज’ या शब्दाचे मोल मोठे आहे. मनुस्मृतीच्या परंपरेत बीज पुरुषाचे व स्त्री केवळ क्षेत्र; ही कल्पना तो एका समासात मोडून काढतो.

‘गोठवणे’ तर वस्तुस्थितीलाच सोडून आहे. पूर्वीच्या मंद शीतन पद्धतीत पेशीत हिमस्फटिक होऊन तिला इजा पोचे. आजच्या काचीभवनात बीज इतक्या त्वरेने थंड करतात की हिम होतच नाही. मग ते द्रव नत्रवायूत, उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतात. शिवाय ‘गोठवणे’ म्हटले की काळच थांबला असा भास होतो. थांबते ते बीजाचे वय, स्त्रीचे नव्हे. वयाबरोबर गर्भारपणातील धोके वाढतात, आणि २०२१ च्या कायद्याने अशा उपचारांस स्त्रीच्या वयाची पन्नास वर्षांची मर्यादा घातली आहे.

घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत धान्याची पेवे सापडली, तसेच घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावलेल्या दोन कुंभांत पुरलेली बालकेही. साठवण आणि अपत्यवियोग एकाच अंगणात नांदत होते. आजही तेथील शेतकरी बियाणे ‘राखतो’. राखलेले सारे बी उगवत नाही, हे त्यास ठाऊक असते. आशा आणि अनिश्चितता दोन्ही या क्रियापदात सामावतात.

‘वंश राखणे’ हा प्रयोगही याच धातूचा, तेव्हा स्त्रीवर कुळाचा भार येईल, असा आक्षेप संभवतो. परंतु ‘तिने आपले बीज राखले’ या वाक्यात कर्ता ती आहे आणि कर्म तिचेच. पुढे ते वापरावे की नाही, हेही तिनेच ठरवायचे. तिशीतल्या स्त्रीस हा निर्णय शब्दांवरूनच करावा लागतो. म्हणून तो शब्द भय दाखवणारा नसावा, तसाच हमी देणाराही नसावा. ‘स्त्रीबीज राखणे’ ही संज्ञा या कसोटीस उतरते.