कोपऱ्यातली फिश करी

पर्यटकांच्या किनाऱ्यावर चांगलं जेवण शोधणं हे ताळेबंदात खरा नफा शोधण्याइतकंच कठीण. सजावट दोन्हीकडे भरपूर.

गोव्याच्या बागा-कळंगुट पट्ट्यातलं कुठलंही मेनूकार्ड उघडा. पिझ्झा, नूडल्स, बटर चिकन, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसलेली फिश करी-राइस! पाहुण्यांच्या गर्दीत घरधन्यानेच ओसरीवर झोपावं, तशी. सौ. म्हणाल्या, "काहो, बटर चिकनच खाचं होतं तं अमरावतीले काय कमी होतं?"

बँकेत मुरलेल्या माणसाच्या कसोट्या दोनच. पहिली तारखेची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. त्या दिवसांत कोणी 'आत्ताच जाळ्यातून काढलेली' सुरमई दाखवली, तर आधी व्हाउचर मागावं. दुसरी माणसांची. भर दुपारी कंडक्टर, कारकून नि बाजारातल्या बाया जिथे जेवतात, तिथे बसावं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराच्या आसपास अशी ठिकाणं नजरेनेच कळतात. भात, हुमण, किसमूर, सोलकढी. कार्ड नाही, पंखा खडखडणारा, हिशेब चोख.

आम्ही रिद्धपूरचे. गोविंदप्रभू गावात घरोघरी शिरून हवं ते खात, अशा लीळा आहेत. तेव्हा निवड फळ्यावर नव्हे, चुलीजवळ होत असे. आता २०२४ पासून गावात मराठी भाषा विद्यापीठ आहे. पाहुणे वाढतील, हॉटेलं येतील, कार्डंही छापली जातील. येवोत बापडी. फक्त झुणका-भाकर कोपऱ्यात ढकलू नका, एवढाच आमचा आगाऊ शेरा.