पदवी आणि अध्यापनपात्रता : चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची मीमांसा

१

आधी पदवी संपादन करावयाची, नंतर स्वतंत्रपणे अध्यापनाचे शिक्षण घ्यावयाचे आणि मग माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून उभे राहावयाचे, हा क्रम महाराष्ट्रात इतका रूढ आहे की, त्याला काही पर्याय असू शकतो हेच पुष्कळदा ध्यानात येत नाही. बी. टी. हे जुने नाव जाऊन बी. एड्. हे नाव आले, तरी क्रम तोच राहिला. वस्तुतः या क्रमाच्या मुळाशी शिक्षणशास्त्रातील एखादे तत्त्व नसून एक सवलत आहे. १९०४ साली हिंदुस्थान सरकारने शैक्षणिक धोरणाचा जो ठराव प्रसिद्ध केला, त्यात माध्यमिक शिक्षकांचे प्रशिक्षण किमान दोन वर्षांचे असावे, मात्र पदवीधरांस एक वर्ष पुरेसे मानावे, अशी योजना होती. १९०६ साली मुंबईस सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. पदवीधरास दिलेली एका वर्षाची ती सवलत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ नियम होऊन बसली. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी बी. एड्. दोन वर्षांचे केले, तेव्हाच ती संपुष्टात आली.

याच्या उलट दुसरा मार्ग असा की, विद्यार्थ्याने पदवीच्या वर्षांतच विषय आणि अध्यापन या दोहोंचे शिक्षण घ्यावे व पदवीबरोबरच माध्यमिक शिक्षकाची पात्रता मिळवावी. पहिल्या मार्गास क्रमवर्ती व दुसऱ्यास सहवर्ती म्हणता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या दुसऱ्या मार्गाचा पुरस्कार केला असून, २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही शिक्षकाची किमान अर्हता व्हावी, असे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२३-२४ या वर्षी देशातील निवडक ५७ संस्थांत हा अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. तेव्हा ‘एकात्मिक’ या विशेषणात नेमका कोणता अर्थ अभिप्रेत आहे आणि तो अर्थ सिद्ध होण्यास काय घडावे लागते, याची चिकित्सा करणे अगत्याचे झाले आहे.

२

ही कल्पना नवी नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. कुरुक्षेत्र विद्यापीठाने १९६० साली चार वर्षांचा असा अभ्यासक्रम सुरू केला. १९६१ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद स्थापन झाली आणि १९६३ साली अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली. माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५२-५३ मध्ये पुरस्कारिलेल्या बहुउद्देशीय शाळांसाठी शिक्षक तयार करणे, हे त्यांचे कार्य होते. यांपैकी भोपाळच्या संस्थेच्या क्षेत्रात महाराष्ट्र व गोवा हे प्रदेश येतात. पुढे बहुउद्देशीय शाळांची योजना मागे पडली. तथापि विज्ञान व शिक्षण यांची चार वर्षांची जोड-पदवी टिकून राहिली. १९८३ ते १९८५ या काळात काम करणाऱ्या राष्ट्रीय शिक्षक आयोगानेही बारावीनंतरच्या चार वर्षांच्या, शक्य तर पाच वर्षांच्या, एकात्मिक शिक्षणाचा आग्रह धरला होता.

या इतिहासातील एका गोष्टीकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. १९६३ साली ज्यांनी चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला, त्यांच्यापाशी कालबचतीचा युक्तिवाद उपलब्धच नव्हता. तीन वर्षांची पदवी आणि एक वर्षाचे बी. एड्. मिळून चारच वर्षे होत. एकात्मिक अभ्यासक्रमासही चारच वर्षे लागत. म्हणजे दोन्ही मार्गांनी विद्यार्थी एकाच वयात शाळेच्या दारात येऊन उभा राहत असे. साहजिकच, विषयाचे ज्ञान व अध्यापनाचे ज्ञान एकमेकांच्या सान्निध्यात अधिक चांगले वाढते, या गुणात्मक भूमिकेवरच त्यांना आपला पक्ष मांडावा लागला. बी. एड्. दोन वर्षांचे झाल्यानंतर हे समीकरण बदलले. आता एका मार्गास पाच वर्षे लागतात आणि दुसऱ्यास चार. एका वर्षाच्या शुल्काची व निवासखर्चाची बचत ही खेड्यातून आलेल्या किंवा बेताच्या परिस्थितीतील विद्यार्थ्यास, विशेषतः ज्या मुलीच्या शिक्षणाचे एकेक वर्ष घरात वाद करून मिळवावे लागते तिला, मुळीच क्षुल्लक नाही. परंतु या सोयीच्या युक्तिवादाने मूळचा गुणात्मक युक्तिवाद झाकोळून टाकला आहे. वर्ष वाचते म्हणून जो अभ्यासक्रम स्वीकारला जातो, त्याच्याकडून वर्ष वाचविण्यापलीकडे कोणी काही मागत नाही.

३

तो गुणात्मक युक्तिवाद काय आहे, हे दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल.

मराठीच्या पदवी-अभ्यासक्रमात विद्यार्थी भाषाविज्ञान शिकतो. प्रमाणभाषा ही अनेक बोलींपैकीच प्रतिष्ठा पावलेली एक बोली होय आणि प्रत्येक बोलीस स्वतःची नियमव्यवस्था असते, हे तो वाचतो व उत्तरपत्रिकेत लिहितो. पुढे तो नववीच्या वर्गावर जातो. समोरचा वऱ्हाडातील मुलगा ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ आणि ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ लिहितो. या क्षणी शिक्षकाचा लाल पेन काय करतो, यावर त्या मुलाचा मराठीशी पुढे काय संबंध राहील हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. ही निष्काळजीपणाची चूक नसून मुलाच्या घरच्या बोलीचा नियम आहे, हे ज्यास त्या क्षणी आठवते, तो शिक्षक मुलास लेखनाचा प्रमाण नियम शिकवितो. परंतु त्याच्या तोंडची भाषा अशुद्ध ठरवीत नाही. ज्यास ते आठवत नाही, तो केवळ खुणा करतो. क्रमवर्ती पद्धतीत भाषाविज्ञानाची उत्तरपत्रिका आणि हा वर्ग यांत दोन-तीन वर्षांचे अंतर पडते. मध्यंतरी ते ज्ञान परीक्षेबरोबर संपलेले असते. सहवर्ती पद्धतीत सोमवारी बोलींवरील व्याख्यान आणि गुरुवारी सराव पाठ, अशी गाठ पडू शकते. मुलाच्या वहीतील ‘पानी’ घेऊन छात्राध्यापक पुन्हा विद्यापीठाच्या वर्गात येऊ शकतो. त्यामुळे त्याचे अध्यापन सुधारते हे उघड आहे. पण त्याचे भाषाविज्ञानही सुधारते, ही गोष्ट अधिक महत्त्वाची.

गणितातही असेच घडते. उणे एकास उणे एकाने गुणिले असता अधिक एक का येते, हा प्रश्न शाळेतील मुले विचारतात. त्याचे उत्तर पदवीच्या बीजगणितात आहे. उणे एकाने शून्यास गुणिले की शून्य येते. त्या शून्याचे अधिक एक व उणे एक असे दोन भाग पाडून वितरण-नियम लावला की, एका भागाचा गुणाकार उणे एक येतो. मग दुसऱ्या भागाचा अधिक एक आल्यावाचून बेरीज शून्य होणे शक्य नाही. वलयसिद्धान्त शिकताना हे विधान एक ओळीचे, जवळजवळ क्षुल्लक वाटते. तेच तेरा वर्षांच्या मुलास पटवून देण्याची वेळ आली म्हणजे, कोणती गोष्ट गृहीत धरावयाची, कोणती आकृतिबंधावरून सुचवावयाची आणि कोणती सिद्ध करावयाची, याचा निर्णय करावा लागतो. हा निर्णय शुद्ध गणिताचा नाही आणि निव्वळ अध्यापनपद्धतीचाही नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुल्मन यांनी १९८६ साली विषयाच्या अध्यापनक्षम रूपाचे ज्ञान हा शिक्षकाच्या ज्ञानाचा स्वतंत्र प्रकार म्हणून मांडला, तो हाच. महाराष्ट्रातील अध्यापक महाविद्यालयांत ‘आशययुक्त अध्यापन’ या नावाने या विचाराचा परिचय आहे. परंतु तेथे आशय आधीच शिकून संपलेला असतो आणि ज्यांनी तो शिकविला ते प्राध्यापक त्या इमारतीत नसतात.

४

या कसोटीवर प्रचलित एकात्मिक अभ्यासक्रम पारखून पाहिला पाहिजे. त्याच्या एकूण १६० श्रेयांकांपैकी ६४ विषयज्ञानास, ३० शिक्षणाच्या मूलाधारांस व २० शालेय अनुभवास दिलेले आहेत. टप्पानिहाय आशययुक्त अध्यापनास १६ श्रेयांक आहेत. उरलेले श्रेयांक भाषादी क्षमतांचा विकास आणि समाजसंपर्क यांत वाटले गेले आहेत. सकृद्दर्शनी ही वाटणी समतोल दिसते. पदवीच्या नावाखाली विषयास गौण स्थान दिले आहे, असा आक्षेप तिच्यावर घेता येणार नाही. तथापि एकात्मता ज्या ठिकाणी सिद्ध व्हावयाची, तो सांधा म्हणजे हे १६ श्रेयांक, एकूण भाराचा दहावा हिस्सा होत. सांधा लहान असण्यास हरकत नाही. तो कोणाच्या ताब्यात आहे, हा खरा प्रश्न आहे.

विद्यापीठीय व्यवहारात याचे उत्तर बहुधा ठरलेले असते. विषयाच्या तासिका विषय-विभागाकडे आणि ‘शिक्षण’ हा शब्द ज्यात असेल ते सर्व शिक्षणशास्त्र-विभागाकडे जाते. मराठी विभागाचा प्राध्यापक ६४ श्रेयांकांपैकी आपला वाटा शिकवून मोकळा होतो. त्याचा विद्यार्थी शाळेत काय करतो हे पाहण्यास तो जात नाही. सराव पाठाचे निरीक्षण करणारा शिक्षणशास्त्राचा प्राध्यापक पाठ टाचण, प्रश्नांची मांडणी व फलकलेखन तपासतो. परंतु ओवीचा अर्थ चुकीचा सांगितला गेला तरी त्याकडे लक्ष देणे हे त्याचे काम मानले जात नाही. अशा स्थितीत विद्यार्थी दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करतो, एकत्र करीत नाही. सहवर्तित्व म्हणजे एकात्मता नव्हे. वेळापत्रकात दोन रकाने शेजारी आल्याने दोन ज्ञानांची भेट होत नाही.

हा धोका भारतापुरता मर्यादित नाही. अमेरिकेत पदवीच्या काळातच राज्याचे अध्यापन-प्रमाणपत्र मिळविण्याचा मार्ग दीर्घकाळ रूढ आहे आणि तेथील वादाचा इतिहास बोधप्रद आहे. जेम्स ब्रायंट कॉनंट यांनी १९६३ साली अमेरिकन शिक्षकांच्या शिक्षणावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात राज्याने प्रमाणपत्रासाठी अमुक इतके तास अमुक विषय अशी यादी लादू नये. पदवी, देखरेखीखालील यशस्वी सराव-अध्यापन आणि संपूर्ण संस्थेची शिफारस एवढेच पाहावे, अशी सूचना केली. यातील ‘संपूर्ण संस्थेची’ हे पद मोलाचे आहे. विद्यार्थी शिकविण्यास लायक आहे, ही ग्वाही केवळ शिक्षण-विभागाची नसून गणित, इतिहास, भाषा या विभागांचीही असली पाहिजे, असा त्याचा आशय. याउलट १९८६ साली होम्स गटाने शिक्षण हा पदवीचा मुख्य विषयच नसावा आणि व्यावसायिक प्रशिक्षण पदवीनंतर व्हावे, असा पक्ष मांडला. दोन पक्ष परस्परविरुद्ध दिसतात. पण दोहोंच्या मुळाशी चिंता एकच आहे. विषयज्ञान पातळ होऊ नये आणि त्याची जबाबदारी कोणाची तरी असावी.

भारतात कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये हेच निदान वेगळ्या शब्दांत केले होते. शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठीय ज्ञानजीवनापासून तुटलेले आहे, शाळांपासून तुटलेले आहे आणि प्रशिक्षणसंस्था एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत, असे हे तिहेरी एकाकीपण होय. प्रादेशिक महाविद्यालयांतील विज्ञानाचा अभ्यासक्रम का टिकला, याचे उत्तरही येथेच शोधावे लागते. तेथे विषयाचे प्राध्यापक, शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक आणि प्रात्यक्षिक बहुउद्देशीय शाळा एकाच आवारात होती. तीनपैकी निदान दोन भिंती तेथे मुळातच उभ्या राहिल्या नाहीत.

५

आणखी एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. या अभ्यासक्रमात प्रवेश बारावीनंतर, राष्ट्रीय पातळीवरील प्रवेशपरीक्षेने होतो. सतराव्या-अठराव्या वर्षी मुलाने आपण शिक्षकच होणार असे ठरविणे कितपत योग्य? आक्षेप रास्त आहे. परंतु वैद्यक व अभियांत्रिकी यांबाबत तो कोणी घेत नाही, हेही तितकेच खरे. त्याचे उत्तर प्रवेश लांबविण्यात नसून शाळेची ओळख लवकर करून देण्यात आहे. पहिल्याच वर्षी ज्याने महिनाभर शाळा आतून पाहिली, त्यास आपला कल कळतो. तो नसल्यास, मिळविलेल्या विषय-श्रेयांकांसह साध्या पदवीकडे वळण्याची वाट मोकळी असली पाहिजे. न वळता आल्यामुळे शिक्षक झालेला मनुष्य हा वर्गाचा तीस वर्षांचा तोटा आहे.

भारतात या पात्रतेचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. अमेरिकेत पदवी विद्यापीठ देते व प्रमाणपत्र राज्य देते. भारतात पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी २०१० च्या अधिसूचनेने पात्रता परीक्षा आवश्यक झाली. नववी-दहावीच्या शिक्षकाची व्यावसायिक अर्हता मात्र मुख्यतः त्याची पदवीच होय. म्हणजे विद्यापीठाची सही हीच पात्रता. ती सही किती स्वस्त होऊ शकते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. न्या. जे. एस्. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील आयोग सर्वोच्च न्यायालयाला नेमावा लागला, तो याच राज्यातील अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेच्या प्रकरणातून. त्या आयोगाने २०१२ साली प्रशिक्षणसंस्था एकलकोंड्या न राहता बहुविद्याशाखीय विद्यापीठीय वातावरणात असाव्यात, या दिशेने शिफारशी केल्या. एकात्मिक अभ्यासक्रम हे त्याचेच पुढचे पाऊल आहे.

६

सारांश, चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचे समर्थन करता येते. परंतु ते वर्ष वाचते म्हणून नव्हे, आणि बिनशर्तही नव्हे. आशययुक्त अध्यापनाचे श्रेयांक विषय-विभाग व शिक्षणशास्त्र-विभाग यांनी संयुक्तपणे शिकविले पाहिजेत. छात्रसेवाकालात प्रत्येक विद्यार्थ्याचे काही पाठ विषयाच्या प्राध्यापकाने वर्गात मागे बसून ऐकले पाहिजेत आणि अंतिम मूल्यमापनात त्याचे मत धरले गेले पाहिजे. तसे काम त्याच्या कार्यभारात गणले गेले नाही, तर ते होणार नाही, हेही स्पष्टपणे मान्य करावे.

यात विषय-विभागांवर उपकार करण्याचा प्रश्न नाही. त्यांचा स्वार्थच आहे. विद्यापीठाच्या मराठी विभागात पुढील दहा वर्षांनी जो विद्यार्थी येणार, त्याला आज कोणीतरी नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या शाळेत नववीत मराठी शिकवीत आहे. तो शिक्षक आपल्या विषयात मुरलेला असेल की नाही, याची चिंता ज्या विभागास नाही, त्याने पुढे विद्यार्थ्यांच्या घसरत्या दर्जाविषयी तक्रार करण्याचा अधिकार गमावलेला असतो. माध्यमिक शिक्षकाची पात्रता ही विद्यापीठाने दिलेली ग्वाही असेल, तर ती देणारे सर्व विभाग त्या ग्वाहीस बांधलेले आहेत.