वेष आणि वाचक

वेष ही एक भाषाच होय, असे आपल्याकडे सहजपणे म्हटले जाते. परंतु भाषेत बोलणारा आपले वाक्य स्वतः पुरे करतो. वेषाच्या बाबतीत मात्र ते पुरे करण्याचे काम पाहणाऱ्याकडे जाते, आणि तो ते बहुधा परिधान करणाऱ्याने तोंड उघडण्यापूर्वीच उरकून घेतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तील नामू परीट गिऱ्हाइकांचे कपडे खुशाल अंगावर चढवतो आणि आपण हसतो. ते हसू कशावर उभे आहे? सदऱ्याला मालकाप्रमाणेच एक पायरीही असते, या आपल्या न उच्चारलेल्या गृहीतावर. १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या ग्रंथाच्या विनोदाची पुष्कळ चर्चा झाली. या गृहीताची मात्र व्हावी तितकी झाली नाही.

दिल्लीत संसदेच्या प्रांगणात या प्रश्नाचे दोन शिल्परूप पाठ आढळतात. ब्रह्मेश वाघ यांनी घडविलेल्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण २ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले : अंगात सूट, एका हाती ग्रंथ, दुसरा हात उंचावलेला. धुळे जिल्ह्यातील गोंदूरचे राम सुतार यांनी साकारलेले गांधीजी तेथे १९९३ साली आले : उघडे अंग, ध्यानस्थ मुद्रा. २०२४ साली हे दोन्ही पुतळे त्याच परिसरातील ‘प्रेरणास्थळा’वर हलविण्यात आले. शिल्पकार दोघेही मराठी, हा योगायोग आम्ही तूर्त बाजूस ठेवतो.

पंचाने सांगितले ते त्याग, आणि सुटाने सांगितले ते अनुकरण, असा अर्थ लावण्याची सवय आपल्या सुशिक्षित वाचकाला जडली आहे. वास्तविक गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला, तो बॅरिस्टरचा पोशाख अंगावर वागवून झाल्यावर. त्यागाला पूर्वप्राप्ती लागते. तरीही चर्चिलने १९३१ साली त्यांना फकीर ठरवून टाकलेच. ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लंगोटीची सक्ती होती, त्याने लंगोटी नेसली तर तिला त्याग कोण म्हणेल? १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या मेजवानीस जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले, तेव्हा तो वेष बोलला. कारण तो त्यांनी निवडलेला होता. त्याच वेषातील खऱ्या शेतकऱ्याला त्या दारातून आत कोणी घेतले नसते.

या दृष्टीने डिसेंबर १९२७ मधील महाडचे भाषण आम्हांस अत्यंत महत्त्वाचे वाटते. तेथे आंबेडकरांनी स्त्रियांना लुगडे घोट्यापर्यंत नेसण्याचा आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले दागिने टाकून देण्याचा उपदेश केला, व स्त्रियांनी तो तत्काळ अमलात आणला. वरवर पाहता हा राहणी सुधारण्याचा सल्ला वाटेल. परंतु त्यामागे वाचनव्यवहाराची विलक्षण सूक्ष्म जाण आहे : पाहणाऱ्याचे पूर्वग्रह एका रात्रीत बदलता येत नाहीत, पण तो ज्या अक्षरांवरून जात वाचतो ती अक्षरे पुसून टाकता येतात. याला अनुकरण म्हणणारा समीक्षक मूळ संहिताच चुकीची वाचतो, असे आम्हांस स्पष्ट म्हणावेसे वाटते. दलित आत्मकथनांतील नव्या कपड्यांच्या प्रसंगांना ‘मध्यमवर्गीय हव्यास’ म्हणून निकालात काढणे, हा त्याच चुकीचा वाङ्मयीन अवतार होय.

अर्थात सुटाचीही आता ठरीव मूर्ती झाली आहे. गावोगावच्या चौकांतील निळा कोट, लाल टाय आणि बगलेतील ग्रंथ यांखेरीज दुसऱ्या वेषातील बाबासाहेब ओळखूच येऊ नयेत, इतकी ती पक्की झाली आहे. येथे अनुयायीही प्रतिपक्षासारखेच वाचतात, फक्त आदराने. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेताना मात्र त्यांच्या अंगावर पांढरा कोट होता, आणि खाली पांढरे रेशमी धोतर.